रेशमावरची तीन अक्षरे

न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये एक रेशमी गोधडी आहे. 1885 ते 1890 या काळात केव्हातरी ती शिवली गेली. रेशमाचे आणि लोकरीचे वेडेवाकडे तुकडे, त्यांच्या जोडांवरून फिरलेले भरतकाम, कडेला झालर आणि छापील रेशमी फितींवर दोन पुरुषांचे चेहरे. एक ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचा, दुसरा थॉमस हेंड्रिक्स यांचा. 1884 च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे हे दोघे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. यादवी युद्धानंतर त्या पक्षाला मिळालेले ते पहिले अध्यक्षपद. प्रचाराच्या फिती कुणीतरी जपून ठेवल्या आणि पुढे सवडीने या गोधडीत शिवल्या.

हे काम करणारी व्यक्ती बाईच असणार, कारण त्या दशकात हा छंद जवळजवळ सगळा बायकांच्या हातात होता. 1884 मध्ये अमेरिकेतल्या एकाही बाईला अध्यक्ष निवडण्याचे मत नव्हते. घटनादुरुस्ती होऊन स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला 1920 साल उजाडले. म्हणजे मतपेटीपाशी जिला उभे राहता येत नव्हते, तिने आपला कौल दिवाणखान्यातल्या कापडावर नोंदवला. क्लीव्हलंड यांचे चरित्र कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. गोधडी करणारीबद्दल मात्र तिने स्वतः टाकलेली तीन आद्याक्षरेच काय ती उरली आहेत: जे. एफ. आर.

‘क्रेझी क्विल्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कलेबद्दल लिहिताना बहुतेक जण रंगांचे कौतुक करून थांबतात. त्या कौतुकाला ही वस्तू पात्र आहेच. पण तिची खरी किंमत या तीन अक्षरांत आहे. ज्यांच्या आयुष्याची नोंद सरकारी कागदांत जेमतेम जन्म, लग्न आणि मृत्यू एवढीच झाली, अशा हजारो स्त्रियांनी सुईने लिहून ठेवलेले हे दस्तऐवज आहेत. ते दस्तऐवज म्हणूनच जपले आणि वाचले गेले पाहिजेत.

आधी नावाविषयी. इंग्रजीत ‘क्रेझ’ म्हणजे चिनी मातीच्या भांड्यावरच्या चकाकीला गेलेले बारीक तडे. अशा तड्यांनी भरलेल्या बरणीसारखे हे कापड दिसते, म्हणून ते नाव पडले, असे एक मत आहे. काही धरबंध नसलेले, मन मानेल तसे केलेले काम, हा दुसरा अर्थही त्यात मिसळला. या दुसऱ्या अर्थाने कलेचे नुकसान केले. क्रेझी क्विल्ट हातात घेऊन पाहिले की लक्षात येते, गडद मखमलीशेजारी उजळ साटीन, मोठ्या तुकड्याला तोलायला तीन लहान, लाल रंग कुठे किती वेळा यावा, हे सारे ठरवून केलेले असते. चौकोनी ठोकळे एकमेकांना जोडण्याला हिशेब लागतो, तर इथे नजर लागते.

दुसरा गैरसमज याहून चिवट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्विल्टवर पुस्तके लिहिणाऱ्यांनी सांगून टाकले, की ही अमेरिकेतली सर्वांत जुनी गोधडी. वसाहतीच्या काळातल्या गरीब बायकांनी फाटक्या पांघरुणाला ठिगळावर ठिगळ लावले आणि त्यातून हा प्रकार जन्मला. रूथ फिन्ली यांच्या 1929 च्या गाजलेल्या पुस्तकामुळे ही कथा घरोघर पोचली. कथा गोड आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. वसाहतीच्या काळातल्या अशा गोधड्या सापडतच नाहीत. सापडतात त्या 1870 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या, आणि त्याही रेशमाच्या. क्रेझी क्विल्टचा जन्म टंचाईतून झालेला नाही. कारखान्यांनी आणलेल्या सुबत्तेतून तो झाला.

त्या जन्माची तारीख सांगायचीच तर 1876 जवळची सांगावी लागेल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून फिलाडेल्फियात सहा महिने भव्य प्रदर्शन भरले. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत असताना या प्रदर्शनाला जवळपास एक कोटी भेटी झाल्या. तिथे जपानचे दालन होते. चिनी मातीची भांडी, पडदे, पंखे आणि लाखकाम पाहून अमेरिकी मध्यमवर्गाचे डोळे विस्फारले. दोन्ही बाजू सारख्या असल्या तरच सुंदर, हे आजवरचे गृहीतक तिथे मोडले. एका कोपऱ्यात फुललेली फांदी, बाकी सारे मोकळे, अशी रचना लोकांनी पाहिली. त्याच प्रदर्शनात लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्कचे भरतकामही मांडले होते. कँडेस व्हीलर यांनी ते पाहिले आणि 1877 मध्ये न्यूयॉर्कला सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्टची स्थापना केली, ती स्त्रियांना हस्तकलेतून चार पैसे मिळवता यावेत म्हणून. जपानचा धक्का मोठा की लंडनच्या टाक्यांचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही गोष्टी एकाच आवारात शेजारी शेजारी होत्या, हे लक्षात घेतले तर त्या वादात फार अडकण्याचे कारण उरत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इंडियाना राज्यातल्या टेमर हॉर्टन हॅरिस नॉर्थ या बाईंनी केलेले एक क्रेझी क्विल्ट आहे. साल अंदाजे 1877. म्हणजे प्रदर्शनाचे तंबू उठून वर्ष होते न होते, तोच एका लांबच्या गावात रेशमाचे तुकडे जुळवले जात होते.

तुकडे येत कुठून? न्यू जर्सीतले पॅटरसन शहर तेव्हा ‘सिल्क सिटी’ म्हणूनच ओळखले जाई. कनेक्टिकटमध्ये चेनी बंधूंच्या गिरण्या होत्या. परदेशी रेशमी कापडावर जबर आयातकर बसल्याने देशी गिरण्यांना बळ आले, जपान आणि चीनमधून कच्चे रेशीम येऊ लागले आणि एकेकाळी श्रीमंतांच्या अंगावरच दिसणारे कापड शिक्षकाच्या, दुकानदाराच्या घरात शिरले. गिरण्यांनी कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची पुडकी बांधून टपालाने विकायला सुरुवात केली. भरतकामाच्या रेशमी दोऱ्याच्या तुटक्या लडीही विकल्या गेल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावचे जे. एफ. इंगल्स यांच्यासारखे व्यापारी टाक्यांच्या नमुन्यांच्या पुस्तिका आणि छापे विकत. ‘गोडीज लेडीज बुक’, ‘पीटरसन्स मॅगझिन’ अशा बायकांच्या मासिकांनी हे वेड गावोगाव नेले. ज्यांना विकत घ्यायचे नव्हते, त्यांनी घरच्या पुरुषांचे गळपट्टे आणि टोप्यांची अस्तरे कामी आणली.

छाप्यांची एक पद्धत मराठी घरांना अगदी ओळखीची वाटेल. कागदावर नक्षी काढायची, रेषेवरून सुईने टोचे मारायचे, कागद कापडावर ठेवायचा आणि टोच्यांतून भुकटी घासायची. आपल्याकडे शिवणक्लासात शिकलेल्या कितीतरी जणींनी ट्रेसिंग पेपरला असेच टोचे मारून त्यावर रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवलेला आहे.

कामाची रीत अशी. मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडाचा चौकोन घ्यायचा. हे तळकापड पुढे कुणाला दिसत नाही, पण सगळा भार तेच पेलते. कोपऱ्यातून किंवा मधून सुरुवात करून त्यावर एकेक तुकडा बसवायचा, आधीच्या तुकड्याची कच्ची कडा नव्या तुकड्याच्या दुमडलेल्या कडेखाली घालायची आणि कच्चा धागा मारायचा. चौकोन भरला की खरे काम सुरू. प्रत्येक जोडावर भरतकामाची ओळ: फांदीसारखा फुटत जाणारा फेदर स्टिच, माशाच्या काट्यासारखा हेरिंगबोन, साखळी, काजाचा टाका, गाठीचे ठिपके. एका जोडावर घातलेला टाका शेजारच्या जोडावर पुन्हा येऊ द्यायचा नाही, यात शिवणाऱ्यांचा अभिमान असे. मग मोकळ्या तुकड्यांवर चित्रे. जपानी पंखा, घुबड, फुलपाखरू, मोरपीस, घोड्याचा नाल, आणि जाळ्यात बसलेला कोळी. कोळी हे शुभचिन्ह मानले जाई, म्हणून तो कितीतरी क्विल्टांवर सापडतो. शेवटी अस्तर लावायचे आणि थोड्या थोड्या अंतरावर गाठी मारून वरचा थर त्याला बांधायचा.

यात बहुतेकदा मधला कापूस नसतो, तीन थरांतून आरपार जाणारा धावदोराही नसतो. त्यामुळे काटेकोर बोलायचे तर हे क्विल्टच नव्हे. थंडीत अंगावर घ्यायला ते केलेलेही नसे. सोफ्याच्या पाठीवर, पियानोवर, दिवाणखान्यात येणाऱ्याची नजर जाईल अशा जागी ते पसरलेले असे. पाहुण्याने जवळ जावे, बोट ठेवून विचारावे, हा तुकडा कशाचा? आणि यजमानीणबाईंनी सांगावे: हा लग्नातल्या झग्याचा, हा धाकटीच्या टोपडीचा, ही फीत मेळाव्यातली, ही अमक्याच्या अंत्यविधीतली. कापडाला तोंडी वाचन जोडलेले होते. सांगणारी गेली की अर्धा मजकूर तिच्याबरोबर जाई, आणि हे त्या स्त्रियांना पुरते कळत होते. म्हणूनच बाकीच्या गोधड्यांच्या मानाने क्रेझी क्विल्टांवर आद्याक्षरे, नावे, साल, कधी संपूर्ण तारीख भरलेली इतक्या वेळा दिसते. सजावट म्हणून अक्षर सुंदर दिसते हे खरेच, पण नुसत्या सजावटीसाठी कुणी साल घालत नाही.

ज्या मासिकांनी ही लाट उठवली, त्यांनीच काही वर्षांत नाक मुरडले. 1880 चे दशक संपता संपता क्रेझी क्विल्ट म्हणजे पोरकट काम, वेळेची आणि डोळ्यांची नासाडी, असा सूर लागला. ही टीका करणाऱ्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता. त्याच घरातला पुरुष तिकिटे जमवत होता, शिंगे भिंतीवर टांगत होता, तेव्हा त्याच्या वेळेचा हिशेब कुणी मागितला? बाईच्या हातातल्या सुईने अंगरखा सांधला तर ते कर्तव्य, आणि तिने स्वतःच्या मनातले काही काढले तर ती नासाडी, हा न्याय तेव्हा चुकीचा होता आणि आजही चुकीचाच आहे.

शहरी फॅशन ओसरली, पण शेतावरच्या घरांनी ही रीत सोडली नाही. 1890 नंतर आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तिथे रेशमाची जागा लोकरीने घेतली. सुटांचे उरलेले तुकडे, फ्लॅनेल, जुने कोट. टाके तेच, चित्रे कमी, वजन भरपूर. ही क्विल्टे खरोखर बिछान्यावर आली आणि वापरून झिजली. रेशमी बहिणींइतके लक्ष त्यांच्याकडे जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. घरातल्या ऊबदार कपड्यांचा इतका प्रामाणिक नमुनासंग्रह दुसरीकडे मिळायचा नाही.

रेशमी क्विल्टांवर मात्र एक आजार आहे, आणि तो कारखान्यातूनच आलेला आहे. कच्च्या रेशमावरचा डिंक उकळून काढला की त्याचे सुमारे चौथाई वजन जाते. रेशीम वजनावर विकले जाई, त्यामुळे गिरणीला हे नुकसान सोसवेना. म्हणून रंगवताना ते कथिलाच्या, लोखंडाच्या क्षारांत बुडवत. गेलेले वजन भरून निघे, कधी त्याहून जास्तही होई. कापड भारदस्त पडे, चालताना छान सळसळे. पण धातूच्या या क्षारांनी धागा आतून ठिसूळ होतो. शंभर-सव्वाशे वर्षांनी अशा कापडाला उभ्या चिरा जातात आणि ते पापडासारखे तुटते. एकाच क्विल्टमध्ये मखमलीचा तुकडा नव्यासारखा असतो आणि त्याला चिकटून असलेल्या साटीनचा भुगा झालेला असतो. हे थांबवण्याचा उपाय संवर्धकांकडे नाही. वरून विरळ रेशमी जाळी लावून ते तुकडे जागच्या जागी धरतात, उजेडापासून दूर ठेवतात, घडी घालू देत नाहीत. अशा क्विल्टमध्ये कधी कधी मधला तुकडा पार झडून गेलेला दिसतो. खालचे मांजरपाट उघडे पडलेले असते आणि त्याभोवती जोडावरचे भरतकाम तेवढे शाबूत असते. कारखान्याचा माल गेला, बाईचे टाके राहिले.

कापड असे आपोआप नष्ट होते. नाव मात्र माणसे पुसतात. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी आपल्या संग्रहातल्या सुमारे 60 क्विल्टांचे प्रदर्शन मांडले. अमूर्त चित्रांसारखी ती पांढऱ्या भिंतींवर टांगली. गोधडीला आधुनिक कलेच्या दालनात प्रवेश मिळाला, ही या प्रदर्शनाची मोठी कामगिरी मान्य करावीच लागेल. पण चित्र म्हणून पाहण्याच्या भरात करणाऱ्या बायका बाजूला पडल्या. 1973 मध्ये चित्रकार पॅट्रिशिया मेनार्डी यांनी ‘फेमिनिस्ट आर्ट जर्नल’मध्ये दीर्घ लेख लिहून यावर नेमके बोट ठेवले. क्विल्ट ही स्त्रियांची कला आहे, ती कुणा अनामिक लोकसमूहाची आपोआप झालेली निर्मिती नाही, स्त्रियांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते आणि त्यांनी आपल्या कामावर सह्याही केल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. या वादात मेनार्डी यांची बाजू सर्वस्वी बरोबर आहे. ‘अनामिक’ हा शब्द पुष्कळदा शोध न घेतल्याची कबुली असतो.

शोध घेतला तर काय होते, तेही अमेरिकेनेच दाखवले. 1970 च्या दशकात केंटकी राज्यातल्या जुन्या गोधड्या व्यापारी गाड्या भरभरून बाहेर नेऊ लागले. तेव्हा तिथल्या काही जणी पुढे आल्या आणि 1981 मध्ये केंटकी क्विल्ट प्रोजेक्ट सुरू झाला. पद्धत अगदी साधी होती. ठिकठिकाणी एकेक दिवस जाहीर करायचा, लोकांना घरातली जुनी क्विल्टे घेऊन बोलवायचे, फोटो काढायचा, माप घ्यायचे, आणि विचारायचे: कुणी केले, केव्हा, कुठे, कापड कशाचे? वस्तू मालकाच्या घरी परत जाई, नोंद मागे राही. हजाराहून अधिक क्विल्टे अशी नोंदली गेली. पाहता पाहता एकामागून एक राज्यांनी हे काम अंगावर घेतले. पेट्यांमधून, माळ्यांवरून क्रेझी क्विल्टे बाहेर आली आणि त्यांच्यावरच्या आद्याक्षरांना नातवंडांनी पूर्ण नावे दिली. या कामाला मोठी इमारत लागली नव्हती. लागले होते ते एक टेबल, एक कॅमेरा आणि ऐकून घेणारी माणसे.

मराठी वाचकाने हे वाचावे, ते याच कारणासाठी. क्रेझी क्विल्ट आणि आपली गोधडी यांचे कूळ एक नाही. गोधडी, वाकळ ही उबेसाठी होते, जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर धावदोऱ्याने एकजीव करून होते. तिला दिवाणखाना ठाऊक नाही. गोव्याशी जोडलेली आणखी एक परंपरा जवळच आहे. उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी. त्यांचे आफ्रिकी पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले होते, आणि त्यांतले अनेक पोर्तुगीज गोव्यातून सुटका करून घेऊन या जंगलांत आले. कवंदी कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत मध्यावर संपते. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर क्रूस दिसतो, मुस्लिम घरच्या कवंदीवर चंद्रकोर. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुलां’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री ड्र्यूअल यांनी या स्त्रियांमध्ये जाऊन त्यांच्या कामाचा अभ्यास केला, म्हणून जगाला ती ठाऊक झाली. तसे बसून विचारणारे कुणी सातपुड्याच्या पायथ्याला, माणदेशात किंवा कोकणातल्या वाडीवर गेले, तर काय काय हाती लागेल!

आज हाताने शिवलेल्या गोधडीला शहरात आणि परदेशात मागणी आली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण विक्रीच्या गोधडीवर बहुतेकदा दुकानाची पट्टी असते आणि जिचे डोळे त्यात गेले तिचे नाव नसते. हे बदलणे अवघड नाही. पट्टीवर एक ओळ वाढवायची आहे. आणि घरातल्या गोधड्यांसाठी केंटकीसारखा एखादा दिवस जिल्हा परिषदेची शाळा, गावचे वाचनालय, बचत गट यांपैकी कुणीही लावू शकेल. मुलांनी आजीला घेऊन यावे, आजीने गोधडी आणावी, वहीत नोंद व्हावी: कुणाचे लुगडे, कोणते साल, कोणासाठी शिवली. फोटो आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर निघतो.

दिवाळीआधी गोधड्या उन्हात पडतील. ज्या घरात ती शिवणारी अजून आहे, त्या घराने तेव्हा तिच्याजवळ बसावे, एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारावे आणि सुईत रंगीत दोरा ओवून तिचे नाव आणि साल अस्तराच्या कोपऱ्यात घालून घ्यावे. आद्याक्षरांवर भागवू नये, संपूर्ण नाव घालावे.